शेजारच्या तारेतील कुजबुज

मुंबईहून नागपूरला किंवा पुण्याहून इंदूरला ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहत बसण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना त्या काळची आणखी एक गोष्ट खचित आठवत असेल. अखेर घंटा वाजे, ओळखीचा आवाज कानी पडे, आणि त्या आवाजाच्या पाठीमागून, पडद्याआडून बोलावे तसे, तिसऱ्याच कोणाचे तरी बोलणे पुसट ऐकू येऊ लागे. कोणी सरकीचा भाव विचारीत असे, कोणी लग्नाची तिथी कळवीत असे. शब्द नेहमीच लागत असे नाही. परंतु दूरवर कोठे तरी एक माणूस आपल्याच नादात बोलतो आहे, एवढे मात्र स्पष्ट कळे. काही मिस्कील मंडळी त्या अनाहूत गृहस्थास जरा हळू बोलण्याची विनंतीही करून पाहत.

दूरध्वनीच्या व्यवसायातील लोक या प्रकाराला क्रॉसटॉक म्हणतात. एका तारेतील बोलणे शेजारच्या तारेत पाझरणे, असा त्याचा साधा अर्थ. तारेतील इतर गोंगाटाहून तो एका महत्त्वाच्या बाबतीत निराळा आहे. आकाशात वीज चमकली की दूरध्वनीत खरखर होते. तारेतील इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालीनेही एक अखंड, बारीक सळसळ चालू असते. हा गोंगाट कोणाचाच नसतो. त्याला कर्ता नाही आणि अर्थही नाही. क्रॉसटॉकचे तसे नाही. तो कोणाचा तरी संदेश असतो. ज्याने तो धाडला व ज्याच्यासाठी धाडला, त्या दोघांच्या दृष्टीने तो पूर्ण अर्थवाही असतो. चुकीच्या दारी गेल्यामुळेच तो गोंगाट ठरतो. हा भेद वरवर पाहता शाब्दिक वाटेल. परंतु तांब्याच्या जुन्या तारांतून सेकंदाला कोट्यवधी अंक धाडण्याची जी करामत गेल्या काही दशकांत साधली गेली, तिचे मर्म नेमके या भेदात आहे.

पाझर मुळात होतो कसा, ते आधी पाहिले पाहिजे. अलेक्झांडर ग्राहम बेल यांना दूरध्वनीचे पेटंट १८७६ साली मिळाले, तेव्हा तारायंत्राच्या तारा बऱ्याच ठिकाणी आधीच खांबांवर चढलेल्या होत्या. नव्या यंत्राने तारायंत्राचीच रीत उचलली : एक लोखंडी तार, आणि विद्युत्‌प्रवाहाच्या परतीचा मार्ग जमिनीतून. तारायंत्राच्या ठोक्यांना ही व्यवस्था पुरेशी होती. पण दूरध्वनीचा कान तारायंत्राहून फार तिखट. शेजारच्या तारेवरील ठोके त्यात ऐकू येऊ लागले, आणि शहरांत विजेचे दिवे व ट्रॅमगाड्या आल्यावर तर जमिनीतून परतणाऱ्या प्रवाहांची एकच गर्दी उडाली. समांतर धावणाऱ्या दोन तारा एकमेकींना स्पर्श करीत नसल्या, तरी एकमेकींपासून अलिप्त राहू शकत नाहीत. दोहोंमधील हवा वा कागद हा विद्युत्‌रोधक असला, तरी दोन वाहक आणि मधे रोधक अशी रचना झाली की ती एक लहानसा संधारक बनते, आणि बदलता विद्युत्‌भार त्यातून पलीकडे आपला प्रभाव पोचवतो. शिवाय बदलत्या प्रवाहाभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र उभे राहते व ते शेजारच्या तारेत नवा प्रवाह उत्पन्न करते. अमेरिकेतील जॉन कार्टी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांनी दाखविले, की दूरध्वनीच्या तारांत या दोहोंपैकी पहिल्या, म्हणजे विद्युत्‌भाराच्या, परिणामाचा वाटा लोक समजत होते त्याहून पुष्कळ मोठा आहे. या दोन्ही परिणामांत एक गोष्ट समान आहे, आणि पुढील सर्व विवेचनाचा तो पाया आहे : दोन्ही बदलावर अवलंबून असतात. प्रवाह जितका जलद बदलेल तितका पाझर अधिक.

पहिला उपाय सरळ होता. जमिनीचा परतमार्ग सोडून द्यावयाचा आणि प्रत्येक वर्गणीदाराला जाण्याची व येण्याची अशा दोन तारा द्यावयाच्या. दूरध्वनीचे यंत्र या दोन तारांतील फरक तेवढा ऐकते. दोहोंवर सारखाच परिणाम झाला तर फरक शून्य, आणि यंत्र शांत. मात्र दोन तारांपैकी एक त्रास देणाऱ्या तारेला थोडी जवळ आणि दुसरी थोडी दूर असणारच. तेवढ्या अंतराने परिणाम असमान होतो आणि कुजबुज शिल्लक राहते. यावर बेल यांनीच १८८१ साली तोड काढून तिचे पेटंट घेतले. दोन तारा एकमेकींभोवती पिळून टाकावयाच्या. भर उन्हातून चालणारे दोन सोबती दर फर्लांगाला बाजू बदलीत गेले, तर प्रवासाअखेर दोघांनाही सारखेच ऊन लागलेले असते. पिळातील तारांचेही तसेच. अर्ध्या पिळात एक तार त्रासाच्या बाजूस, पुढच्या अर्ध्यात दुसरी. बेरीज दोघींची सारखी, आणि फरक जवळजवळ शून्य.

खांबांवरील उघड्या तारांना पीळ देता येत नाही. तेथे ठराविक अंतरावर खास आडव्या पट्ट्या बसवून दोन तारांची जागा आपसात बदलण्याची प्रथा पडली. आगगाडीच्या खिडकीत बसून बाहेरच्या तारा वर चढताना व खाली उतरताना पाहण्याचा छंद असलेल्या अनेकांना मधेच दोन तारा एकमेकींना ओलांडून जागा बदलताना दिसल्या असतील. तो लाइनमनचा लहरीपणा नव्हता. पलीकडच्या तारांवरील संभाषण अलीकडे येऊ नये म्हणून मोजूनमापून केलेली ती योजना होती.

भारतात कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे १८८२ साली दूरध्वनी एक्सचेंज सुरू झाली. वर्गणीदार वाढले तशा तारा खांबांवरून जमिनीखाली गेल्या, आणि एकेका केबलमध्ये शेकडो जोड्या दाटीवाटीने नांदू लागल्या. येथे एक नवीच अडचण उभी राहिली. सर्व जोड्यांना सारख्याच अंतरावर पीळ दिला, तर पिळाचा उपयोग उरत नाही. एकाच तालावर पावले टाकणारे दोघे जण सदैव समोरासमोरच राहतात, त्याप्रमाणे एका जोडीची विवक्षित तार दुसऱ्या जोडीच्या विवक्षित तारेशेजारीच कायम राहते. म्हणून केबल बनविताना शेजारच्या जोड्यांना निरनिराळ्या लांबीचा पीळ देतात : एकीचा आखूड, दुसरीचा किंचित लांब, तिसरीचा आणखी निराळा. पश्चिम बंगालमधील रूपनारायणपूर येथे १९५२ साली स्थापन झालेला आणि आता बंद पडलेला हिंदुस्तान केबल्स हा सरकारी कारखाना या देशासाठी अशाच पिळाच्या केबली तयार करीत असे. या विषयाचे गणित मांडण्यात अमेरिकेतील जॉर्ज कॅम्बेल यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी १९०७ व १९१२ साली लिहिलेली टिपणे कितीतरी वर्षे कंपनीच्या दप्तरातच पडून राहिली व १९३५ साली प्रसिद्ध झाली.

पिळाचे सारे यश समतोलावर अवलंबून असते, ही गोष्ट पावसाळ्यात फार प्रकर्षाने दिसून येते. केबलच्या एखाद्या जोडात पाणी शिरले आणि जोडीतील एका तारेचा विद्युत्‌रोध कमजोर झाला, की दोन तारा सारख्या राहत नाहीत. मग पीळ कितीही काटेकोर असो, फरक शून्य होत नाही आणि शेजाऱ्यांचा गलबला आत शिरतो. खड्ड्यात उतरून ओला जोड उघडणारा व तारा कोरड्या करून पुन्हा बांधणारा लाइनमन, त्याला कोणी तसे सांगितलेले असो वा नसो, क्रॉसटॉकविरुद्धच्या लढ्यातील महत्त्वाचा सैनिक होता.

बोलण्यापुरता हा बंदोबस्त पुरेसा ठरला. दूरध्वनीला मानवी आवाजाचा जो भाग लागतो, त्यातील कंपने सेकंदाला ३०० ते ३४०० एवढीच असतात. शिवाय श्रोत्याचे मन मोठे कुशल आहे. पुसट कुजबुजीकडे दुर्लक्ष करून हवे तेवढे ते नेमके वेचून घेते. यंत्राला हे कौशल्य उपजत नाही. त्याच तारांवरून जेव्हा संगणकाचे अंक धाडण्याची वेळ आली, तेव्हा पाझराचा प्रश्न पुन्हा समूळ उभा राहिला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. त्या वेळचे मोडेम अंकांचे रूपांतर कर्कश सुरांत करून ते आवाजाच्याच पट्ट्यात बसवीत. वेग अर्थातच तुटपुंजा. वेग वाढवावयाचा तर पट्टा रुंद करणे प्राप्त होते. हजारो कंपनांच्या जागी लाखो, पुढे कोट्यवधी कंपने वापरणे आले.

आणि येथेच मघाचा नियम आडवा येतो. कंपने हजारपट जलद झाली, की तारेच्या जवळच्या टोकाशी शेजाऱ्याकडून येणाऱ्या पाझराची शक्ती सुमारे तीस हजार पटींनी वाढते. उलट आपला स्वतःचा संदेश मात्र जलद कंपनांना तारेत अधिकाधिक क्षीण होत जातो. सेकंदाला दहा लक्ष कंपने असलेला संदेश अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक किलोमीटर गेला, की त्याच्या शक्तीचा सुमारे शंभरावा हिस्सा उरतो. तीन किलोमीटरांनंतर दहा लाखावा. पिळाने जो शेजारी जवळजवळ मुका केला होता, तो पुन्हा मोठ्याने बोलू लागला, आणि ज्याचे ऐकावयाचे त्याचा आवाज पुटपुटण्याइतका खाली गेला.

क्रॉसटॉकचे दोन प्रकार येथे वेगळे करून पाहावे लागतात. एक्सचेंजमध्ये शेजारीशेजारी दोन यंत्रे आहेत अशी कल्पना करावी. पहिले यंत्र आपल्या वर्गणीदाराला संदेश धाडीत आहे. दुसरे यंत्र तीन किलोमीटरांवरून आलेला, दहा लाखाव्या हिश्शावर उतरलेला संदेश ऐकण्याचा प्रयत्न करीत आहे. पहिल्याचा ताजा, खणखणीत आवाज दुसऱ्याच्या कानात शिरला तर ऐकणे खुंटलेच. हा जवळच्या टोकाचा क्रॉसटॉक. दुसऱ्या प्रकारात शेजाऱ्याचा संदेश आपल्या तारेत पाझरतो आणि आपल्याच संदेशाबरोबर सबंध तार चालून दूरच्या टोकाला पोचतो. प्रवासात तोही क्षीण झालेला असतो. हा दूरच्या टोकाचा क्रॉसटॉक. पहिला दांडगा, दुसरा त्या मानाने सौम्य.

पहिल्या प्रकारावरील तोड अमेरिकेतील बेलकोर या संशोधन संस्थेतील जोसेफ लेक्लायडर यांना १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुचली. दोन्ही दिशांना सारखाच वेग देण्याचा आग्रह सोडून द्यावा, असे त्यांनी दाखवून दिले. जाणारे व येणारे संदेश निरनिराळ्या पट्ट्यांत ठेवले, तर एक्सचेंजमधील सर्व यंत्रे एकाच पट्ट्यात बोलतील आणि दुसऱ्याच पट्ट्यात ऐकतील. शेजाऱ्याचे बोलणे कानावर पडले तरी ते ऐकण्याच्या पट्ट्यात नसल्यामुळे गाळून टाकता येईल. घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीपेक्षा घरी येणारी माहिती सहसा पुष्कळ जास्त असते, म्हणून येणाऱ्या दिशेला मोठा पट्टा द्यावा. ए.डी.एस.एल. या नावाने पुढे जगभर पसरलेल्या पद्धतीचे बीज ते हेच. तिच्या नावातील पहिले अक्षर विषमतेचे निदर्शक आहे. ती विषमता घरगुती गरजेला सोयीची होती हे खरे. पण तिच्या मुळाशी क्रॉसटॉकचा धाक होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

भारतात बी.एस.एन.एल. व एम.टी.एन.एल. या सरकारी कंपन्यांनी २००५ साली ही सेवा घरोघर नेली. २००४च्या धोरणाने सेकंदाला २५६ हजार बिट हा ब्रॉडबँडचा किमान वेग ठरविला होता. बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढीच बातमी देणारा माहितीचा सर्वांत लहान कण. त्या काळी क्वचित एक चमत्कारिक अनुभव येई. नवी जोडणी मिळालेल्या वर्गणीदाराला आरंभी चांगला वेग लाभे. पण आळीत जोडण्या वाढत गेल्या, की कोणतीही तार न तुटता व कोणतेही यंत्र न बिघडता तो वेग उतरू लागे. अशी उतरण पुष्कळदा एक्सचेंजमधील पुढच्या वाटेवर झालेल्या गर्दीनेही होते. परंतु काही वेळा तिचे कारण केबलमध्ये आलेले नवे शेजारी, हेच असते.

एका संख्येने ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. या पद्धतीत रुंद पट्टा एकसंध वापरीत नाहीत. त्याचे शेकडो किंवा हजारो बारीक सुरांत विभाजन करतात आणि प्रत्येक सुरावर सेकंदाला ४००० वेळा माहिती चढवितात. ही रचना व्यवहारात उतरविण्यात स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चॉफी यांचा पुढाकार होता. एका सुरावर एका वेळी किती बिट चढवता येतील, हे त्या सुरावरील गोंगाटावर ठरते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार गोंगाटाची शक्ती निम्मी झाली, की साधारणपणे एक बिट अधिक मावतो. एका सुरावर एक बिट म्हणजे सेकंदाला ४००० बिट. असे ३००० सूर असतील, तर केवळ गोंगाट निम्मा करून सेकंदाला १ कोटी २० लक्ष बिटांची कमाई होते. तारेला हात न लावता, नवा खड्डा न खणता हे साधत असेल, तर त्या कमाईचे मोल किती, हे निराळे सांगावयास नको.

तारा आखूड करून वेग वाढविण्याचा मार्ग बहुतेक देशांनी धरला. एक्सचेंजपासून रस्त्याच्या कडेच्या पेटीपर्यंत काचतंतू आणावयाचा, आणि तेथून घरापर्यंतचे शेवटचे काही शे मीटर तेवढे जुन्या तांब्यावर सोपवावयाचे. २००६ साली प्रमाणित झालेली व्ही.डी.एस.एल.-२ ही पद्धत अशा आखूड तारांसाठी आहे. तिचा पट्टा सेकंदाला पावणेदोन कोटी कंपनांपर्यंत व त्यापुढेही जातो. जवळच्या टोकाचा क्रॉसटॉक दिशावार पट्ट्यांनी टळलेला असतो. पण तार आखूड झाल्यामुळे दूरच्या टोकाचा, तो एरवीचा सौम्य शेजारी, आता वाटेत फारसा क्षीण होत नाही. आखूड तारांवर वेगाची मर्यादा तोच ठरवू लागला. घरांकडून पेटीकडे जाणाऱ्या दिशेला तर आणखी एक अन्याय होतो : पेटीजवळच्या घराचा संदेश दूरच्या घराच्या संदेशाला सहज दडपून टाकतो. म्हणून जवळच्या घरातील यंत्राने आपला आवाज मुद्दाम खाली ठेवावा, असा नियमच या पद्धतीत घालून दिला आहे. शिष्टाचार यंत्रांनाही शिकवावा लागतो.

दूरच्या टोकाच्या क्रॉसटॉकवर पिळाने वा पट्ट्यांच्या वाटणीने मात होईना, तेव्हा अगदी निराळ्या दिशेने विचार झाला. गिरगावातील चाळीत खोल्यांमधील भिंत फळ्यांची असे. शेजारी रेडिओवर गाणे लागले की ते इकडे ऐकू येई. ऐकणाऱ्याला ते गाणे तोंडपाठ असेल, आणि भिंतीतून त्यातले किती येते हेही माहीत असेल, तर तत्त्वतः तेवढे वजा करून त्याला आपल्या खोलीतील बोलणे शुद्ध ऐकता येईल. माणसाला हे साधत नाही; यंत्राला साधते. क्रॉसटॉक हा कोणाचा तरी संदेश आहे, हा आरंभीचा भेद येथे फलद्रूप होतो. रस्त्याच्या पेटीत सर्व तारांचे संदेश एकाच ठिकाणी उपलब्ध असतात. घरांकडून येणारे सगळे संदेश तेथे एकत्र ऐकले, तर प्रत्येक तारेत इतर तारांचा किती अंश मिसळला आहे ते काढून तो वजा करता येतो.

घरांकडे जाणाऱ्या दिशेला मात्र ही युक्ती जशीच्या तशी लागू पडत नाही. घरे निरनिराळी; एका घरातील मोडेमला दुसऱ्याकडे काय गेले हे ठाऊक नसते, आणि ते ठाऊक असूही नये. तेव्हा वजाबाकी आधीच करून ठेवावयाची. पेटीतील यंत्राला पुढे वाटेत कोणता पाझर होणार हे कळत असते; म्हणून ते प्रत्येक तारेवर मूळ संदेशाबरोबर त्या भावी पाझराचा विरुद्ध भागही मिसळून धाडते. वाटेत खरा पाझर येऊन मिळतो, दोघे एकमेकांना छेदतात, आणि घरी पोचतो तो स्वच्छ संदेश. कोष्टीबुवांनी सूत आटणार हे ध्यानी घेऊन पागोटे आधीच हातभर लांब विणावे, त्यातलाच हा प्रकार. जॉर्ज गिनिस व जॉन चॉफी यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही पद्धत सविस्तर मांडली. तिला व्हेक्टरिंग असे नाव आहे, आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१० साली तिचे प्रमाणक संमत केले.

या युक्तीत खरी मेख आहे ती पाझराचे माप अचूक काढण्यात. पाझर प्रत्येक जोडीगणिक आणि प्रत्येक सुरागणिक निराळा असतो. तो मोजण्यासाठी माहितीच्या दर २५६ खेपांनंतर एक खेप मोजणीसाठी राखून ठेवतात. अशा खेपा सेकंदाला सुमारे सोळा होतात. त्या वेळी प्रत्येक तार आपल्याला नेमून दिलेली अधिक व उणे चिन्हांची माळ पाठवते. समजा, आपल्या तारेला दोन शेजारी आहेत. पहिला शेजारी दोन्ही वेळा अधिक पाठवतो. दुसरा एकदा अधिक व एकदा उणे. आपल्या मोडेमला पहिल्या वेळी पाच मापे चूक आढळली आणि दुसऱ्या वेळी एक माप. पहिली चूक दोन्ही पाझरांची बेरीज आहे, दुसरी त्यांची वजाबाकी. म्हणजे एका शेजाऱ्याचा पाझर तीन आणि दुसऱ्याचा दोन. मोडेम या चुका पेटीला कळवते आणि उरलेला हिशेब पेटी करते. शेजारी शंभर असले तरी तत्त्व तेच. मात्र चिन्हांच्या माळा अशा निवडाव्या लागतात की एकीची दुसरीशी गल्लत होऊ नये. त्यासाठी फ्रेंच गणिती जाक हादामार यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली कोष्टके उपयोगी पडतात. १२८ चिन्हांची माळ पुरी होण्यास सुमारे आठ सेकंद लागतात.

हिशेब मात्र सोपा नाही. शंभर तारा, त्यांतील प्रत्येकीवर शंभरांचा परिणाम, ३००० सूर आणि सेकंदाला ४००० खेपा. गुणाकारांची संख्या सेकंदाला बारा हजार कोटींवर जाते. बेल यांच्या काळी हे तत्त्व कोणाला सुचले असते, तरी ते कागदावरच राहिले असते. पुन्हा माप एकदा काढले म्हणजे काम संपत नाही. नवा वर्गणीदार आपले मोडेम सुरू करतो तेव्हा त्याला आधी थांबवून धरून त्याचा इतरांवरील पाझर मोजावा लागतो, आणि मगच त्याला पूर्ण आवाजात बोलू दिले जाते. याउलट एखाद्याने रात्री झोपण्यापूर्वी भिंतीवरील बटण दाबून मोडेमची वीजच तोडली, तर त्याच्या तारेच्या टोकाची विद्युत् स्थिती एकाएकी पालटते, इतरांमधील पाझराची मापेही त्यामुळे थोडी बदलतात, आणि ती पुन्हा जुळेपर्यंत शेजाऱ्यांच्या संदेशांत चुका शिरू शकतात. न सांगता निघून जाणाऱ्या पाहुण्यासाठीही प्रमाणकात तरतूद करावी लागते ती यामुळे.

याहून मोठी अडचण तांत्रिक नाही, व्यवहाराची आहे. केबलमधील सर्व संदेश एका ठिकाणी कळले तरच ही वजाबाकी साधते. एकाच केबलमधील काही जोड्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला जोडलेल्या असतील, तर त्यांवर काय चालले आहे हे पहिल्या कंपनीला कळत नाही, आणि त्यांचा पाझर तसाच राहतो. थोड्याशाच परक्या तारांनी कमाईचा मोठा भाग बुडतो. युरोपात तर स्पर्धा वाढावी म्हणून जुन्या कंपन्यांनी आपल्या तारा प्रतिस्पर्ध्यांना भाड्याने द्याव्यात, असे धोरण अनेक वर्षे चालत आले होते. जर्मनीत या प्रश्नावर मोठा वाद झाला. अखेर २०१३ साली तेथील नियामक संस्थेने, रस्त्याच्या पेटीतून व्हेक्टरिंग सुरू करणाऱ्या कंपनीला काही अटींवर त्या पेटीतील तारा इतरांना देण्याचे नाकारण्याची मुभा दिली. ज्यांनी वेगाची बाजू घेतली त्यांचे म्हणणे भौतिकशास्त्राला धरून होते. ज्यांनी स्पर्धेची बाजू घेतली त्यांची भीतीही निराधार नव्हती. शंभर घरांच्या तारा एकाच्या हिशेबाखाली आल्या की त्या स्वच्छ होतात खऱ्या. पण त्या घरांना दुसरा धनी निवडण्याची मोकळीकही तेवढी कमी होते. पिळाने असा काही पेच कधी निर्माण केला नव्हता.

२०१४ साली संमत झालेल्या जी.फास्ट या पद्धतीने कंपनांची मर्यादा सेकंदाला साडेदहा कोटींच्या पुढे नेली. तेथे पाझर इतका वाढतो, की काही सुरांवर शेजाऱ्याचा आवाज आपल्या आवाजाच्या बरोबरीला येतो. मग विरुद्ध भाग मिसळण्याची साधी रीत अपुरी पडते. मिसळलेला भागच मूळ संदेशापेक्षा मोठा होऊ लागतो. त्याच वर्षी बेल लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी दोन जोड्यांवरून सेकंदाला १० अब्ज बिट धाडून दाखविले; पण तार केवळ ३० मीटर लांब होती. एवढ्या जवळ काचतंतू आणल्यावर तो थेट घरात का नेऊ नये, असा प्रश्न कोणालाही पडावा, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर काचतंतूच्याच बाजूने लागले आहे. भारतातही आळीआळीतील तांब्याच्या केबली निरुपयोगी होत चालल्या आहेत.

पीळ मात्र घराबाहेर गेला तरी घरात उरला आहे. संगणक जोडण्यासाठी आज कचेऱ्यांतून वापरली जाणारी निळी किंवा करडी केबल टोकाशी सोलून पाहावी. आत निळी, नारिंगी, हिरवी आणि तपकिरी अशा चार जोड्या आढळतील. नीट न्याहाळले, तर चारही जोड्यांचे पीळ निरनिराळ्या अंतरावर दिलेले दिसतात. १९९९ साली प्रमाणित झालेल्या, सेकंदाला एक अब्ज बिट वाहणाऱ्या पद्धतीत या चारही जोड्या एकाच वेळी दोन्ही दिशांना बोलतात, आणि त्यांचा परस्परांतील पाझर दोन्ही टोकांची यंत्रे सतत वजा करीत असतात. केबलच्या टोकाला प्लग बसविणाऱ्या कारागिराला मात्र एवढेच बजावलेले असते, की तारा आत सरकवताना पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उकलू नये.